पायाला न लागणारं अंगण

त्याचं खरं नाव कामावर कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला पाणसळ म्हणायचे. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती पट्टी, पोटात पाण्याचा बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध थांबला की जमीन सपाट. फरशी बसवणाऱ्या कुणाकडेही ती असतेच, पण हा तिला पोटच्या पोरासारखा जपायचा. दुपारी डबा उघडण्याआधी ती मऊ फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचा आणि मगच हात धुवायचा. ठेकेदार मोठ्याने सांगायचा, "अरे, हा घरी जेवायला बसला तरी आधी ताटाखाली पट्टी लावून बघतो. भाजीचा रस एका बाजूला गेला तर बायकोला उठवून चूल हलवायला लावेल." सगळे हसायचे. पाणसळही हसायचा. आतून त्याला बरंच वाटायचं.

काम संपलं की त्याची एक रीत होती. सगळ्यांना बाहेर काढायचा, चपला दाराशी काढायचा आणि नव्या फरशीवर अनवाणी, तळवे घासत, सावकाश फिरायचा. दोन फरश्यांच्या सांध्यात केसाएवढा चढ राहिला असेल तरी पायाला लागायचा. मग तो तिथेच उकिडवा बसून ती फरशी उचलायचा आणि पुन्हा बसवायचा, मालक कितीही म्हणोत की दिसत नाही. "दिसायचा प्रश्न नाही," तो म्हणायचा, "पायाला कळतं." हे त्याचं आवडतं वाक्य. पुढे त्या वाक्यानेच त्याला मान खाली घालायला लावली.

त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने. आई-वडील एकामागोमाग गेले तेव्हा तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं आणि हा चड्डीत होता. तिने पायाने चालवायचं शिलाई मशीन खिडकीपाशी ओढलं आणि गल्लीभरचे कपडे शिवायला घेतले. लग्नाचा विषय त्या मशीनच्या खडखडाटात कुठेतरी विरून गेला. शाळेतून आला की तो तिच्या पायांशी बसायचा. वर हात काय करतात ते त्याला दिसायचं नाही, पाय दिसायचे. मशीनच्या पायपट्टीवर मागेपुढे होणारे, कापड जाड लागलं की थबकणारे, बाहीचा गोल आला की हळू होणारे. सरळ रेघ म्हणजे काय हेही त्याला तिनेच शिकवलं. कापडावर खडू धरून द्यायची आणि म्हणायची, "हाताकडे नको बघूस छोट्या. जिथे पोचायचंय तिथे बघ." फरशीच्या कामात त्याला नजर आहे असं लोक म्हणायचे. ती नजर ताईने दिलेली होती.

आता त्याचे केस पिकले होते, ताई तर पार वाकली होती. घरात तो, बायको आणि ताई, एवढीच माणसं. मशीनवर कधीच चादर पडली होती. "डोळे चुरचुरतात रे, आता पुरे झालं," असं म्हणून ताईने एके दिवशी ते बंद केलं, आणि त्यानेही म्हटलं, कर की आराम, आयुष्यभर केलंसच. आराम मात्र तिच्या अंगाला मानवत नव्हता. तिने अंगण घेतलं. कपडे धुणं, वाळत घालणं, लिंबाला पाणी, झाडलोट, सगळं तिचं. बायकोने चुकून बादली उचलली तर ताई म्हणायची, "ठेव ती. मला काय खुर्चीत बसवून ठेवायचंय का?"

अंगण म्हणजे काही बघण्यासारखी गोष्ट नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची पायरी मधे झिजून खोलगट झालेली. तिथून उतरलं की थोडी खडी, कधीतरी कुणीतरी टाकलेली. मग मागच्या पिढीत तोडलेल्या झाडाचं मूळ, जमिनीतून गुडघ्यासारखं वर आलेलं. त्यापुढे नळ. नळाभोवतीची माती बारा महिने ओली. नळाशेजारी कपडे धुवायचा काळा दगड, एक कोपरा उडालेला. पार पलीकडे, भिंतीला लागून, न्हाणी आणि संडास. पाणसळ दुसऱ्यांच्या अंगणांना रूप देऊन संध्याकाळी घरी यायचा, खडीतून खरखरत चालायचा आणि त्याच्या मनातही यायचं नाही की याचं काही करावं.

हे मनात आणून दिलं दातांच्या डॉक्टरबाईंनी. त्यांना दवाखान्यापुढची मोकळी जागा नीट करून हवी होती. बाक, झाडं, लोकांना बाहेर बसता यावं असं काहीतरी. ठेकेदाराने पाणसळचं नाव सुचवलं. बाई म्हणाल्या, "आधी मला तुमचं घर दाखवा. माणूस स्वतःसाठी काय करतो ते बघते मी." आणि खरोखरच आल्या. बाजूच्या फाटकातून आत शिरल्या, खडीत त्यांची टाच रुतली, पुढे मुळाला पाय अडखळला, आणि पडता पडता त्यांनी धुण्याच्या दगडाला हात टेकला. दगडापाशी ताई कपडे पिळत होती.

"लागलं का हो?" ताई म्हणाली.

"नाही, नाही." बाईंनी हात झटकला. अंगणाकडे बघितलं, मग पाणसळकडे. "हे तुमचं?"

बाई कुत्सितपणे बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. तो घाईघाईने म्हणाला, "काढायचाच आहे हो तो दगड. सगळंच काढायचंय. आमच्या ताईला जुनं काही मोडायला नको असतं, म्हणून राहिलंय."

हे साफ खोटं होतं. ताईला त्याने कधी विचारलंच नव्हतं. हातातला कपडा तिने पुन्हा एकदा पिळला, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

बाई म्हणाल्या, "करा मग. झालं की बोलवा. दवाखान्याचं तेव्हा ठरवू."

त्याला झपाटलं. ताईला त्याने मावशीकडे पाठवून दिलं. मावशी म्हातारी होती आणि कुणी आलं की खूश व्हायची. "आल्यावर बघ," तो म्हणाला. "काय बघ?" "ते आल्यावर." ताईने काही क्षण त्याच्या दिशेने तोंड ठेवलं, मग पिशवी उचलली.

मग त्याने अंगण उभं-आडवं खणलं. मूळ कुऱ्हाडीने तोडून काढलं. खडी गोळा करून गाडीवर टाकली. पायरी फोडून नवी केली, धारदार कोपऱ्याची. धुण्याचा दगड साथीदारांनी पहारीने लोटत नेऊन मागच्या भिंतीपलीकडे टाकला. माती ठोकली, दोऱ्या ताणल्या, आणि विटकरी रंगाच्या मोठ्या फरश्या एकेक करून अशा बसवल्या की ठेकेदारही गप्प झाला. पाणी जाळीकडे जावं म्हणून ढाळ दिला, पण नजरेलाच काय, पायालाही कळणार नाही इतका. नळ होता त्याच जागी नवा बसवला. एका बाजूला बाक, त्यावर वेलीसाठी लोखंडी मांडव, कोपऱ्यातलं लिंबाचं झाड तेवढं ठेवून कडेने एकसारख्या कुंड्या. भिंतीला पांढरा रंग. शेवटी चपला काढून तो स्वतःच्या अंगणात तळवे घासत फिरला. कुठे काही लागलं नाही. इतक्या वर्षांत एवढं साफ काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

ताई आली तेव्हा तो फाटकाशीच उभा होता. तिचा हात धरून म्हणाला, "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट गं!"

तिने मिटले. त्याने तिला मधोमध आणून उभं केलं. "आता उघड."

ताईने डोळे उघडले. बायको दारात उभी राहून हसत होती.

"वा," ताई म्हणाली. "वा रे वा. नुसतं बघत राहावं."

"रंग कसा वाटला?"

"छान. थंड वाटतो."

विटकरी रंग थंड कसा वाटेल, हे त्याच्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात ताईने चपला काढल्या आणि अनवाणी पाय फरशीवर घासला. आधी एक, मग दुसरा. थोडं पुढे, थोडं बाजूला, पुन्हा मागे. त्याचा ऊर भरून आला. ताई आपलं काम आपल्याच रीतीने तपासते आहे! "बघ, बघ," तो म्हणाला, "एक तरी सांधा लागतो का सांग!"

"नाही रे," ताई म्हणाली. "काहीच लागत नाही."

त्या दिवसापासून ताई अंगणात यायची बंद झाली. कपडे न्हाणीत धुवायला तिने बायकोला सांगितलं. लिंबाला पाणी घालायचं विसरू लागली. मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची, उंबरठ्याच्या आत. पाणसळ संध्याकाळी बाकावर बसून हाक मारायचा, "ये की गं, बघ कशी हवा आहे." ती म्हणायची, "इथेच बरं आहे." आधी त्याला वाईट वाटलं, मग राग आला.

"रुसल्यात तुमच्या ताई," बायको म्हणाली. "त्यांचा दगड काढलात ना. आणि चहा पण सोडलाय त्यांनी. पाणीसुद्धा घोटभर. मी म्हटलं काय होतंय, तर म्हणे वय झालं."

"फुगू दे. स्वतःसाठी केलं का मी? सगळ्यांसाठीच केलं ना?"

त्यातच त्याला ती रेघ दिसली. नव्या पांढऱ्या भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, मागच्या दारापासून थेट संडासापर्यंत गेलेला मळकट पट्टा. त्याचं डोकं फिरलं. "भिंतीला हात कोण लावतंय? रंग देऊन दिवस किती झाले?" बायको म्हणाली मी नाही. ताई खुर्चीत होती. ती म्हणाली, "माझा लागला असेल." "असेल कशाला, सबंध भिंत पुसून काढलीयेस!" असं म्हणून त्याने ब्रश आणला आणि तो पट्टा पुन्हा रंगवला. रंगवताना पुटपुटत होता. जाताना मोठ्याने म्हणाला, "ओली आहे. कुणी शिवू नका."

त्या दिवशी ताई अजिबात पाणी प्यायली नाही. हे त्याला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं तेव्हा मात्र दुसरं काही सुचेना.

डॉक्टरबाई ठेकेदाराला घेऊन आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंगण तांबूस दिसत होतं. बाई फाटकातच थांबल्या. मग हळूहळू आत आल्या, पाय जपून टाकायची सवय एकदा लागली म्हणून असेल, पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की जपायचं काही कारण नाही. "अरे वा!" त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. ठेकेदार उकिडवा बसून फरशीला गाल लावल्यासारखं करत एका रेषेत बघू लागला.

बायको पाण्याचा ट्रे भरत होती. पाणसळ आत येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तू नको. ताईला आणू दे."

"मी नेते ना."

"ताईच आणेल. लोक कौतुक करतायत ते ऐकू दे तिला. किती दिवस फुरंगटून बसायचं?" आणि ताईला म्हणाला, "ताई, पाणी घेऊन ये गं बाहेर." उत्तराची वाट न बघता तो गेला.

ताई आली. दोन्ही हातांत ट्रे, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. नवी पायरी तिने पायाने चाचपून ओलांडली. पूर्वीच्या अंगणात आवाज जिथून निघायचा तिथेच असायचा, मातीत मुरायचा. या टणक अंगणात तो भिंतीवर आपटून सगळीकडून यायचा. आणि नेमके त्या वेळी सगळे गप्प होते. बाई मांडवाकडे बघत होत्या, ठेकेदार फरशीकडे. ताई क्षणभर उभी राहिली. मग सरळ चालत गेली, अगदी सरळ, खडूने मारलेल्या रेघेसारखी. पांढऱ्या भिंतीसमोर थांबली. ट्रे थोडा पुढे केला.

"घ्या ना," ती भिंतीला म्हणाली. "पाणी घ्या."

ठेकेदाराने मान वर केली. "ताई, भिंतीला तहान लागली वाटतं! नवी आहे, पीत असेल बापडी!"

आणि पाणसळ हसला. ठेकेदारापेक्षा मोठ्याने. "अगं ताई, तिकडे कोण आहे?" असंही म्हणाला.

हसण्याच्या आवाजाकडे ताईने तोंड वळवलं. ते त्याच्याकडे नव्हतं, ठेकेदाराकडेही नव्हतं. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे होतं. हसू तसंच होतं, फक्त आता ते कुणासाठी आहे ते तिला ठरवता येत नव्हतं. हातातल्या ग्लासांमधलं पाणी थरथरत होतं. आयुष्यभर पाण्याकडे बघून खरंखोटं ठरवणाऱ्या त्या माणसाने ते पाणी बघितलं आणि त्याचं हसणं तिथेच थांबलं.

"यांना दिसत नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "कधीपासून?"

जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं अशा वेळी माणसाला वाटतं. पण ही जमीन त्याने स्वतः केली होती. ती दुभंगणारी नव्हती. आणि तो काय म्हणाला? तो म्हणाला, "छे, छे. दिसतं की तिला. थट्टेखोर आहे आमची ताई."

"हो," भिंतीपाशी उभ्या असलेल्या ताईने लगेच म्हटलं. "थट्टाच केली."

बायकोने येऊन तिच्या हातातला ट्रे घेतला आणि दंडाला धरून तिला आत नेलं. बाई पाणी प्यायल्या, दवाखान्याबद्दल कळवते म्हणाल्या आणि निघाल्या. ठेकेदाराने जाताना खांद्यावर हात ठेवला. एरवी तो असा हात ठेवायचा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो बराच वेळ बाकावर बसून होता. बायकोने दोनदा बोलावलं. आत जायचं म्हणजे ताईसमोर जायचं होतं. शेवटी गेला तेव्हा ताई मशीनशेजारी बसली होती, चादरीच्या कडेवरून बोट फिरवत.

"सांगितलं का नाहीस?" त्याला विचारायचं होतं एका सुरात, निघालं भलत्याच.

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला."

"ताई, अगं, पण सांगायचं ना!"

"सांगून? तू मला खुर्चीत बसवलं असतंस. चांगली गादी-बिदी घालून. तुझी बायको बिचारी दिवसभर माझ्यामागे हात धरून. हळूहळू गेलं रे ते. आधी सुई दिसेना, मग चेहरे. मला वाटलं, पाय आहेत ना, काय अडतंय." ती थांबली. "पायरीला खळगा होता. खडी संपली की मूळ. मूळ डाव्या पायाला लागलं की नळ समोर, तिथे माती गार. दगडाचा फुटका कोपरा ज्या बाजूला, त्या बाजूला न्हाणी. मी तिथे पळू शकले असते छोट्या, पळू."

त्याची नजर तिच्या पायांवर गेली.

"तू ते सगळं पुसलंस," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर त्याला बरं झालं असतं. "छान पुसलंस. हात चांगला आहे तुझा."

मग एकेक आठवू लागलं, आणि जे आठवलं त्याने त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. ताई चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवायची. तो तिच्यावर खेकसला होता, पाहुण्यांसमोर: "बोट काय घालतेस कपात? शिसारी येते लोकांना." त्यानंतर तिने पाहुण्यांना चहा द्यायचं सोडलं होतं. तो उघडाबंब बसलेला असताना तिने एकदा म्हटलं होतं, "शर्ट शोभतो हो तुला." तो आणि बायको पोट धरधरून हसले होते. ताईही हसली होती. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला ती आधी काहीतरी विचारायची, आणि तो बायकोला म्हणायचा, म्हातारपणी माणूस चौकस होतं. आणि भिंत ओली होती त्या दिवशी, भिंतीला हात न लावता संडासापर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून, ती पाण्याविना राहिली होती. केसाएवढा सांधा ज्याच्या नजरेतून सुटत नव्हता, त्याच्या नजरेतून बहिणीचे दोन डोळे सुटले होते. त्याने ते बघितलेच नव्हते. तिने वाढलेलं बघितलं, तिने वाळत घातलेलं बघितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि त्याला विचारलं, "केव्हापासून?" ताईच म्हणाली, "खूप झालं हो. याला नका विचारू, तो कामावर असतो." डॉक्टरांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात पुढचं सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. छिन्नी-हातोडा घेऊन अंगणात उतरला आणि मूळ जिथे होतं तिथली फरशी फोडायला बसला. हातोडा उचलला आणि तसाच राहिला. मूळ कुठे होतं? नळाच्या समोर, हे ठीक. पण पायरीपासून किती? खडी कुठवर होती? दुसऱ्यांच्या घरांची मापं त्याला वर्षानुवर्षं पाठ असायची. आपलं अंगण त्याने कधी मापलं नव्हतं. खणलं तेव्हाही नाही. सरळ कुऱ्हाड घातली होती.

तो दारात गेला. ताई खुर्चीत होती. "ताई," तो म्हणाला. "मला आठवत नाही गं. तू सांग. जरा बाहेर ये."

"मला तरी काय आठवणार? ते पायात होतं. पायाखाली असेल तरच आठवेल."

"मग आपण करून बघू. चुकलं तर पुन्हा काढू."

"तू? चुकलेलं काम?"

"हो."

ती उठली. त्याने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. चौकटीला धरून ती पायरीवर आली आणि म्हणाली, "आधी ही. हिला खळगा कर. ही सुरी आहे की पायरी?"

मग सुरू झालं ते काम कुठल्याच पट्टीत बसणारं नव्हतं. ती अनवाणी उभी राहायची, तो पुढ्यात बसायचा. "इथे?" "नाही, अलीकडे." "इथे?" "आत्ता होतं, आता गेलं. थांब. बोलू नकोस." मधेच ती हताश व्हायची, "जाऊ दे, नाही जमत," म्हणून आत जाऊन बसायची, आणि तो फोडलेल्या फरशीपाशी हात लोंबकळत ठेवून तसाच. पुन्हा यायची. खडीचा पट्टा झाला, वाकडा. मुळाच्या जागी त्याने एक गोल धोंडा निम्मा गाडला. ताईने डावा पाय त्याला लावला, नाक मुरडलं. "मूळ नाही हे. पण असू दे, ओळख होईल." नळाखाली फरशी काढून माती मोकळी केली. मागच्या भिंतीपलीकडून धुण्याचा दगड आणायला साथीदार बोलवावे लागले.

ते आले आणि बघतच राहिले. पसरलेल्या विटकरी आरशातून मधोमध कुणीतरी नांगर फिरवल्यासारखी ती वाट गेली होती. "पाणसळ, अरे हे काय?" ठेकेदार म्हणाला. "कुणी केलं?" एवढी वर्षं जे नाव तो मिरवत आला, ते ठेकेदाराच्या तोंडून ऐकताना त्याला कपड्यांशिवाय उभं असल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "मी केलं. दगड धरा."

दगड ठेवल्यावर ताईने फुटका कोपरा हाताने शोधला आणि चिडली. "उलटा ठेवलात! न्हाणी इकडे आहे का?" चौघांनी तो पुन्हा फिरवला. कुणी विनोद केला नाही.

ताई आता अंगणात चालते. पळत नाही. धोंड्याशी अजून थांबते, जराशी साशंक होऊन, पूर्वी थांबायची नाही. ती थांबली की पाणसळ जिथे असेल तिथून दुसरीकडे बघतो.

डॉक्टरबाई आल्या त्या न कळवता. फाटकातून आत आल्या, बोलत बोलत, आणि खडीत त्यांचा पाय खरखरला. त्या थबकल्या. वाट बघितली, धोंडा बघितला, दगड बघितला. "अरे, हे सगळं काढलं होतं ना तुम्ही? हा दगड राहिला वाटतं..."

"काढायचाच..." सवयीने पाणसळच्या तोंडून निघून गेलं. एवढं सगळं होऊनही हेच निघालं. नळापाशी ताई बादली भरत होती, तिने नळ बंद केला.

"नाही," तो म्हणाला. "राहिलेला नाही. बसवलाय. ताईला दिसत नाही, तिच्या पायांसाठी बसवलाय. माझ्या लक्षात आलं नव्हतं."

नळ पुन्हा सुरू झाला. "कोण आलंय रे?" ताईने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी सरळ विचारलं नव्हतं.

"दातांच्या डॉक्टरबाई. बाकाजवळ उभ्या आहेत."

ताईने ओले हात पुसले, तोंड वळवलं आणि म्हणाली, "या, बसा ना."

ती बघत होती ती जागा बाईंच्या बरीच डावीकडे होती, जिथे नुसती कुंडी होती. बाईंनी ते बघितलं. त्या बाजूला सरकल्या, आवाज न करता, आणि कुंडीला खेटून ताईच्या नजरेसमोर उभ्या राहिल्या. "बसते हं," त्या म्हणाल्या.

एवढंसंच सरकायचं होतं. पाणसळने मान खाली घातली आणि पायाखालच्या फरशीकडे बघत राहिला, जिच्यात कुठेच काही चूक नव्हती.